अंगावरून वारं गेलं? रक्ताच्या रिपोर्टची वाट बघू नका, आधी घड्याळ बघा

मागच्या पौषातली गोष्ट. आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, वय ६४. त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती, म्हणून पहाटेपर्यंत गव्हाला पाणी देऊन घरी आले. हातपाय धुतले, काकीशी दोन शब्द बोलले. साडेसहाला ओट्यावर चहा घ्यायला बसले आणि कप हातातून निसटला. काकीला वाटलं, थंडीनं हात बधिर झाला असेल. तोंडाकडं बघितलं तर उजवा कोपरा खाली ओघळलेला. बोलायला गेले, पण शब्दच फुटेना.

पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. कुणी तळहात चोळले, कुणी कांदा हुंगवला, कुणी पाणी पाजलं. शेजारच्या एकानं स्वतःच्या खिशातली हार्टची गोळी काढून अण्णांच्या जिभेखाली ठेवली. हेतू सगळ्यांचा चांगलाच होता. मी गाडी काढली आणि बाजारगावातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथं रक्त काढून लॅबला पाठवलं. "रिपोर्ट आल्यावर बघू" असं सांगितलं. आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. रिपोर्ट यायला पावणेदोन तास गेले. सगळं नॉर्मल! आम्हाला हायसं वाटलं. पण अण्णांचा हात काही उठेना. मग म्हणाले, जिल्ह्याला न्या, मेंदूचा सीटी स्कॅन करा. तिथं जाऊन स्कॅन होईस्तोवर दुपारचा एक वाजला.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सुरू किती वाजता झालं?" आम्ही साडेसहा सांगितलं. ते म्हणाले, "गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ गेली हो."

आज अण्णा काठी घेऊन चालतात. उजव्या हातानं घास घेता येत नाही. काकी मात्र अजून एकच विचारते, "रक्त तर सगळं नॉर्मल होतं, मग वारं गेलं कसं?"

हा प्रश्न मलाही सुटत नव्हता. डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं, समजेना ते पुन्हा विचारलं. त्यातून जे हाती लागलं, ते मंडळी तुमच्यासमोर ठेवतो. यात मेंदूतल्या एका वायूची गोष्ट आहे, रक्तात सापडणाऱ्या काही खुणांची गोष्ट आहे, आणि शेवटी आपण काय करायचं तेही आहे.

मेंदूत नेमकं होतं काय?

आपण म्हणतो 'अंगावरून वारं गेलं'. कुणी लकवा म्हणतं, कुणी अर्धांगवायू, पुस्तकात पक्षाघात लिहितात. डॉक्टर 'स्ट्रोक' म्हणतात. नाव काहीही घ्या, दुखणं हाताचं किंवा तोंडाचं नसतं. दुखणं मेंदूचं असतं. मेंदूचा डावा भाग उजवं अंग चालवतो आणि उजवा भाग डावं. बोलण्याचा कारभार बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतो. म्हणून अण्णांचा उजवा हात आणि वाचा एकदमच गेली.

हा झटका दोन प्रकारचा. पहिल्यात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटते आणि मेंदूत रक्त सांडतं. बहुतेक झटके गुठळीचे असतात, साधारण दहात आठ. पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वाकडं तोंड बघून नळी चोक झाली की फुटली, हे मोठ्यातला मोठा डॉक्टरही खात्रीनं सांगू शकत नाही. आणि उपचार तर एकदम उलटे. गुठळीला रक्त पातळ करायचं औषध, पण तेच फुटलेल्या नळीला दिलं तर जिवावर बेततं. म्हणून आधी सीटी स्कॅन.

गुठळीचा प्रकार शेतकऱ्याला ठिबकवरून चटकन कळेल. लॅटरल मध्येच चोक झाली की पुढच्या झाडांचं पाणी तुटतं. सगळ्यात लांबची, जिथं दुसरीकडून ओल पोचत नाही, ती आधी वाळतात. पण त्यांच्या आजूबाजूची झाडं लगेच मरत नाहीत. त्यांनी माना टाकलेल्या असतात, पण मुळात जीव असतो. वेळेत पाणी मिळालं तर संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. उशीर झाला तर नंतर कितीही पाणी सोडा, उपयोग नाही.

मेंदूतही तसंच. रक्त तुटलेल्या भागाच्या मधोमध असलेल्या पेशी काही मिनिटांत मरतात. त्यांच्या भोवती मात्र मोठा पट्टा असतो, तिथल्या पेशी माना टाकून असतात, पण जिवंत असतात. डॉक्टरांची सगळी धडपड हा पट्टा वाचवायची. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो एकटा वीस टक्के खातो. साठवण काहीच नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतल्या एका मेंदूतज्ज्ञानं २००६ मध्ये मांडला. आम्ही बाकड्यावर पावणेदोन तास बसलो होतो. त्याचा गुणाकार मी एकदा केला, पुन्हा केला नाही.

वीज कडाडते, तेव्हा तयार होणारा वायू

आता त्या वायूकडं येऊ. त्याचं नाव नायट्रिक ऑक्साइड. एक नत्राचा अणू आणि एक प्राणवायूचा, एवढाच त्याचा पसारा. पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा आभाळातल्या नत्राचा आणि प्राणवायूचा संयोग होऊन हाच वायू तयार होतो. पुढं त्याचं नायट्रेट होऊन पावसाबरोबर जमिनीत येतं. विजांच्या पावसानं पीक हिरवंगार होतं असं जुनी माणसं म्हणतात, त्यात तथ्य आहे ते हे. गाडीच्या धुरातही हा वायू असतो. ऑपरेशनच्या वेळी भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड मात्र वेगळा, गल्लत करू नका.

असला धुरातला वायू आपल्या अंगात काय करतो, हे अनेक वर्षं कुणाला माहीत नव्हतं. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकी शास्त्रज्ञानं सशाच्या रक्तवाहिनीवर प्रयोग केले. रक्तवाहिनीच्या आत पातळ अस्तर असतं. अस्तर शाबूत असलं की विशिष्ट औषधानं नळी सैल पडायची. तेच अस्तर खरवडून काढलं की तीच नळी आवळायची. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपत होतं आणि नळीला 'सैल हो' असं सांगत होतं. पुढच्या सात वर्षांत कळलं की ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. या शोधासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं.

यात एक गंमत आहे. ज्या आल्फ्रेड नोबेलच्या नावानं हा पुरस्कार देतात, त्यानं डायनामाइट बनवलं ते नायट्रोग्लिसरीनपासून. म्हातारपणी त्याला हृदयाचा त्रास झाला, तेव्हा डॉक्टरांनी औषध म्हणून सुचवलं तेही नायट्रोग्लिसरीनच. ते शरीरात गेलं की नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि नळ्या सैल पडतात, हे मुराद यांनी दाखवलं १९७७ मध्ये, नोबेल जाऊन ८० वर्षं झाल्यावर.

आपल्याकडं छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी, तीही याच कुळातली. शेजाऱ्यानं अण्णांच्या तोंडात घातली ती हीच. हे लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

एकच वायू, पण कारखाने तीन

आपलं शरीर हा वायू आर्जिनीन नावाच्या घटकापासून स्वतः बनवतं. शेंगदाणे, डाळी, दूध, मांस यांतून आर्जिनीन मिळतं. वायू बनवणारे कारखाने तीन प्रकारचे आहेत.

पहिला कारखाना रक्तवाहिनीच्या अस्तरात. हा थोडा थोडा वायू सोडतो. त्यानं नळी सैल राहते, रक्त वाहतं राहतं, रक्तातल्या गुठळी करणाऱ्या कणिका एकमेकींना चिकटत नाहीत. हा आपला मित्र.

दुसरा कारखाना मेंदूच्या पेशींत. एरवी तो पेशींना एकमेकींशी निरोप द्यायला मदत करतो. पण रक्त तुटलं की पेशीचा ताबा सुटतो, आत भराभरा कॅल्शियम घुसतं आणि हा कारखाना बेफाम सुटतो.

तिसरा एरवी बंद असतो. जखम झाली, सूज आली की तो काही तासांनी सुरू होतो आणि पुढं काही दिवस भरमसाट वायू सोडत राहतो.

भरमसाट झाला की हाच वायू वैरी होतो. उपाशी पेशीत प्राणवायूचं एक बिघडलेलं रूप तयार होतं, त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. त्याची आणि नायट्रिक ऑक्साइडची गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट नावाचं जहाल रसायन बनतं. ते पेशीचं आवरण, आतली प्रथिनं, अगदी पेशीचं बियाणं म्हणजे डीएनए, सगळं जाळत सुटतं. युरियाचंच बघा की. बेतानं टाकला तर पीक उठतं, एकाच जागी ढीग पडला तर मूळ करपतं.

हे नुसतं बोलणं नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये ज्या उंदरांमध्ये मेंदूतला कारखाना जन्मापासूनच नाही, अशांची मेंदूची नळी बंद करून बघितली. त्यांच्या मेंदूचं नुकसान साध्या उंदरांपेक्षा कमी झालं. दोन वर्षांनी अस्तरातला कारखाना नसलेले उंदीर घेतले. त्यांचं नुकसान जास्त झालं. म्हणजे एकच वायू, एका जागी तारतो आणि दुसऱ्या जागी मारतो.

मग हा वायू देऊन झटका बरा होतो का?

शास्त्रज्ञांनाही असंच वाटलं होतं. वायू सुटला तर नळ्या सैल पडतील, वाढलेलं बीपी उतरेल, मेंदूला रक्त मिळेल. म्हणून अंगाला चिकटवायची नायट्रोग्लिसरीनची पट्टी देऊन बघितली, तीही हजारो रुग्णांवर.

'इनॉस' नावाच्या चाचणीत अनेक देशांतले ४,०११ रुग्ण होते. २०१५ मध्ये निकाल आला. बीपी उतरलं, पण एकूण रुग्णांच्या लुळेपणात फरक पडला नाही. कदाचित पट्टी लवकर लावली तर फायदा होईल, म्हणून ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेतच ती लावायची चाचणी झाली. तिथं १,१४९ रुग्ण होते. २०१९ चा निकालही तोच, फायदा नाही. नेदरलँड्समध्ये तशीच तिसरी चाचणी सुरू केली, पण रुग्णांना, विशेषतः मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना, धोका दिसू लागल्यानं ती मध्येच थांबवावी लागली. तिचे निकाल २०२२ मध्ये आले.

ही सगळी चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाली होती, औषधाचा डोस मोजून दिला होता. तरी हाती काही लागलं नाही. मग ओट्यावर, बीपी न मोजता, झटका कोणत्या प्रकारचा हे माहीत नसताना जिभेखाली ठेवलेली गोळी काय करणार?

उलट नुकसानच करू शकते. गुठळीनं नळी तुंबली की शरीर स्वतःहून बीपी वाढवतं, आडवाटेच्या बारीक नळ्यांतून त्या माना टाकलेल्या पट्ट्याला थोडंफार रक्त पोचावं म्हणून. चोक झालेल्या लॅटरलला आपण प्रेशर वाढवतो, तसंच. आपण गोळी देऊन ते प्रेशर धाडकन पाडलं, तर उरलेल्या पेशीही जातात. दवाखान्यातही डॉक्टर बीपी बेतानंच उतरवतात. गुठळीचं इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणतात, पण तेही मोजत मोजत. ते काम त्यांचं, आपलं नाही.

अण्णांच्या त्या गोळीनं किती नुकसान झालं हे आता कुणी सांगू शकत नाही. शेजाऱ्याला मी बोल लावत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आता करणार नाही.

रक्तात हा वायू मोजता येत नाही का?

आता काकीच्या प्रश्नाकडं येऊ. मेंदूत एवढा दंगा होतो, तर रक्ताच्या रिपोर्टात तो दिसायला नको का?

पहिली अडचण म्हणजे हा वायू काही सेकंदच टिकतो. रक्त काढून बाटलीत भरेपर्यंत तो गायब. त्याची राख मात्र मागं राहते, नायट्राइट आणि नायट्रेट या रूपात. ती राख मोजायची पद्धत जुनी, १८७९ मध्ये ग्रीस नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दिलेली. औषध टाकलं की नमुना गुलाबी होतो, जितका गडद तितकं नायट्राइट जास्त. पाण्याच्या तपासणीतही ही पद्धत वापरतात.

पण दुसरी अडचण मोठी. नायट्रेट काही फक्त मेंदूतून येत नाही. आदल्या रात्री पालक, मेथी, बीट, मुळा खाल्ला तरी रक्तातलं नायट्रेट वाढतं. खतानं भारलेल्या विहिरीचं पाणी प्यायलं तरी वाढतं. ताप, जंतुसंसर्ग असला तरी वाढतं. त्यामुळं एखाद्याचं नायट्रेट जास्त निघालं, तर त्याला झटका आला की त्यानं मेथीची भाजी खाल्ली, हे कसं ओळखणार? संशोधनाला ही मोजणी उपयोगाची, तातडीच्या निदानाला नाही.

एडीएमए नावाचा आणखी एक घटक शास्त्रज्ञ मोजतात. तो वायूच्या कारखान्याला खीळ घालतो. बीपी, शुगर, मूत्रपिंडाचे आजार असलेल्यांत तो जास्त सापडतो. पण तोही एवढंच सांगतो की नळ्यांची तब्येत बरी नाही. आत्ता, या घडीला गुठळी अडकली आहे का, ते सांगत नाही.

हृदयाचं रक्तातून कळतं, मग मेंदूचं का नाही?

हार्ट अटॅकला ट्रोपोनिनची तपासणी असते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. हृदयाचा स्नायू मरू लागला की ट्रोपोनिन सरळ रक्तात उतरतं. मेंदूचं तसं नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गानं भक्कम कुंपण घातलं आहे. रक्तातलं विष मेंदूत जाऊ नये म्हणून ते आहे. पण त्याच कुंपणामुळं मेंदूतल्या खुणाही चटकन बाहेर येत नाहीत.

तरी काही खुणा शोधल्या आहेत. एनएसई हे मेंदूच्या पेशींतलं प्रथिन. पण ते तांबड्या रक्तपेशींतही असतं, त्यामुळं नमुना काढताना पेशी फुटल्या तरी आकडा वाढतो. एस-१००-बी हे दुसरं. गुठळीच्या झटक्यात ते सर्वांत वर जातं दोन-तीन दिवसांनी. नुकसान केवढं झालं याचा अंदाज त्यावरून बांधता येतो, पण तोवर उपचाराची वेळ केव्हाच टळलेली असते. पंचनामा होतो, पण पीक वाचत नाही.

तिसरी खूण जीएफएपी. तिच्याकडून सगळ्यांना आशा आहे. मेंदूच्या मुख्य पेशींना आधार देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांतलं हे प्रथिन. नळी फुटून रक्त सांडलं की या पेशी तिथल्या तिथं फाटतात आणि जीएफएपी लवकर रक्तात येतं. गुठळीत पेशी हळूहळू मरतात, म्हणून ते उशिरा वाढतं. म्हणजे पहिल्या काही तासांत जीएफएपी खूप वाढलेलं दिसलं तर रक्तस्रावाची शंका बळावते. जर्मनीतल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. उद्या शुगरसारखं बोटातल्या थेंबावर हे रुग्णवाहिकेत कळलं, तर आपल्यासारख्या लांबच्या गावांना त्याचा मोठा आधार होईल. पण आज तरी सीटी स्कॅनला पर्याय नाही.

तर काकी, उत्तर हे असं. अण्णांचा रिपोर्ट खोटा नव्हता. त्यांचं हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनीन खरंच ठीक होतं. पण त्या रिपोर्टात गुठळी दिसायची सोयच नव्हती. मोटर बिघडली की नाही हे बघायला आपण मातीचा नमुना पाठवला होता.

रक्ताच्या तपासण्या बिनकामाच्या असं माझं म्हणणं नाही. साखर लगेच बघावीच लागते, कारण साखर खूप उतरली तरी माणूस अगदी झटका आल्यासारखा दिसतो. पण ते बोटाच्या थेंबावर मिनिटात होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांची आणखी एक तपासणी लागते. बाकीचं रक्त जरूर काढावं, पण रिपोर्टसाठी रुग्णाला बाकड्यावर बसवू नये.

मग आपण करायचं काय?

चार गोष्टी बघा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढतंय का? दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली पडतोय का? नाव विचारा, जीभ अडखळतेय का? यातलं एक जरी दिसलं तर चौथी गोष्ट, घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. एकाएकी तोल गेला, एकाएकी दिसेनासं झालं, तरी हेच समजा.

वेळ म्हणजे माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती. झोपेतून उठतानाच हात लुळा असेल, तर उठल्याची वेळ धरत नाहीत, रात्री झोपला ती धरतात. रात्री मोटर चालू करायला गेलेला माणूस सकाळी बांधावर पडलेला सापडला, तर घरातून निघाला किंवा फोनवर शेवटचं नीट बोलला ती वेळ सांगा.

ताबडतोब १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. मात्र जिथं सीटी स्कॅन आहे आणि गुठळीचं इंजेक्शन देतात, अशाच ठिकाणी जा. निघतानाच तिथं फोन करून सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. मोठ्या नळीत गुठळी असेल तर मोठ्या शहरातल्या रुग्णालयांत तारेनं ती बाहेर ओढून काढतात. ते सहा तासांपर्यंत, आणि स्कॅन बघून निवडलेल्या काही रुग्णांत २४ तासांपर्यंतही करतात. म्हणून उशीर झाला तरी आशा सोडून घरी बसू नका. अण्णांची गुठळी बारीक नळीत होती, त्यामुळं तो मार्ग नव्हता.

काय करायचं नाही तेही ऐका. जिभेखाली कसलीच गोळी नको, हार्टची नको आणि बीपीचीही नको. अ‍ॅस्पिरिनही स्कॅनच्या आधी नको, कारण नळी फुटलेली असली तर घात होईल. पाणी, चहा, काढा काही पाजू नका. गिळायची ताकद गेलेली असते, पाणी फुप्फुसात जातं. कबुतराचं रक्त चोळणं, लकव्याचं औषध देणाऱ्या गावाला नेणं, यात जे तास जातात ते परत येत नाहीत.

आणखी एक. तोंड वाकडं झालं आणि दहा मिनिटांत आपोआप सरळ झालं, तर 'बरं झालं' म्हणून शेतात जाऊ नका. ती पुढच्या मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

मित्र कारखाना सांभाळा

अस्तरातला तो पहिला कारखाना वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीनं, साखरेनं आणि विडी-सिगारेटनं बिघडतो. चालण्यानं आणि अंगमेहनतीनं तो सुधारतो. पालेभाज्या, बीट जरूर खा. पण 'नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी पावडर' अशा जाहिराती मोबाइलवर येतात, त्यांच्या भरवशावर बीपीची गोळी सोडू नका. अण्णांनी बरं वाटतंय म्हणून चार महिने गोळी बंद ठेवली होती. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. उपकेंद्रात ३० वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची बीपी आणि साखर मोफत तपासतात. आशाताईंना विचारा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन जा.

आज एवढंच करा. आपल्या गावापासून सर्वांत जवळ सीटी स्कॅन कुठं आहे, तो रात्री चालू असतो का, तिथं गुठळीचं इंजेक्शन मिळतं का, आपली सरकारी योजना तिथं चालते का, हे फोन करून विचारून घ्या. योजनेचं तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. उत्तर कागदावर लिहा आणि भिंतीवर चिकटवा. आमच्या घरात तो कागद आता कॅलेंडरच्या शेजारी लावला आहे. काकीनं लावला. अण्णांनी डाव्या हातानं त्यावर फोन नंबर लिहिला. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं.

हा लेख गावच्या ग्रुपवर पाठवा. ज्याच्या खिशात हार्टची गोळी असते, त्याला आधी पाठवा.